जिवाणू की विषाणू? कोकणातल्या घरासाठी आणि शेतासाठी काय करावे, काय टाळावे

पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर ताप, अंगदुखी, डोकेदुखी हेच गाऱ्हाणे घेऊन आलेली माणसे भेटतील. त्यांतल्या एकाला लेप्टोस्पायरा हा जिवाणू बाधलेला असतो, तर दुसऱ्याला डेंग्यूचा विषाणू. तक्रार सारखी असली तरी जंतू निराळे आणि उपायही निराळे. पहिल्याला योग्य प्रतिजैविक वेळेत मिळाले तर जीव वाचतो. दुसऱ्याला त्याच गोळ्यांचा काडीचाही उपयोग नसतो.

जंतू राहतो कुठे, वाढतो कसा, शरीरात शिरतो कुठून आणि मरतो कशाने, या चार प्रश्नांची उत्तरे ठाऊक असली की खबरदारी पाठ करावी लागत नाही. म्हणून पुढच्या यादीत प्रत्येक सूचनेबरोबर तिचे कारणही दिले आहे. कारण कळलेले माणूस सूचना विसरत नाही आणि चारचौघांना पटवूनही देऊ शकते.

१. आधी दोघांची ओळख

काय करावे

- जिवाणू म्हणजे स्वतंत्रपणे जगणारी एक पेशी, हे ध्यानात ठेवावे. बहुतेक जिवाणूंच्या पेशीभोवती भिंत असते, आत डीएनए आणि प्रथिने बनवणारे रायबोसोम असतात. अन्न, ओल आणि ऊब मिळाली की एका पेशीच्या दोन होतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. या वेगाने ८ तासांत एका पेशीच्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक पेशी होऊ शकतात.
- विषाणूला पेशीच नसते, हेही तितकेच लक्षात घ्यावे. डीएनए किंवा आरएनए, त्याभोवती प्रथिनांचे कवच आणि काही विषाणूंना त्यावर मेदाचे आवरण, एवढाच त्याचा संसार. तो खात नाही, श्वास घेत नाही, एकट्याने वाढत नाही. सजीव पेशीत शिरला की तिच्याच रायबोसोमकडून आपली प्रथिने बनवून घेतो आणि आपल्या असंख्य प्रती काढतो.
- आकारातला फरक समजून घ्यावा. ई. कोलाय एकापुढे एक मांडले तर १ मिलिमीटरमध्ये सुमारे ५०० मावतील, कोरोना विषाणू मात्र सुमारे १० हजार. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाने जिवाणू दिसू शकतो. विषाणू पाहायला बहुधा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

काय टाळावे

- सगळे जिवाणू वाईट असे मानू नये. दुधाचे दही करणारे, कुळथाच्या मुळांवर गाठी धरणारे आणि आतड्यात राहून पचनाला हातभार लावणारे जिवाणू आपल्या उपयोगाचेच आहेत.
- प्रत्येक आजार या दोन खात्यांत घालू नये. हिवताप परजीवीमुळे होतो. पावसात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या आणि गजकर्ण बुरशीमुळे होतात. त्यांची औषधे वेगळी आहेत.

२. विहीर आणि पिण्याचे पाणी

काय करावे

- पावसाळाभर पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच राहू द्यावे. एवढ्याने विषमज्वराचे आणि पटकीचे जिवाणू मरतात, तसेच काविळीचे ए आणि ई हे विषाणूही निकामी होतात. जिवाणू आणि विषाणू या दोघांवर एकाच वेळी चालणारा, घरोघरी करता येणारा इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.
- विहिरीत टीसीएल पावडर मोजून टाकावी. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर १००० लिटर पाण्याला साधारण २.५ ग्रॅम पुरते. बादलीत पाण्यात कालवून, चुना खाली बसला की वरची निवळी विहिरीत सोडावी आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास पाणी शेंदू नये. क्लोरीनला जंतूंवर काम करायला तेवढा वेळ लागतो.
- पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. कोकणच्या दमट हवेत उघड्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना.
- शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला काढावा. आपला जांभा सच्छिद्र आहे. त्यातून पाणी झरझर जाते आणि जंतूही त्याबरोबर जातात. त्यामुळे जागा असेल तर अंतर आणखी वाढवावे.
- पाण्याची जिवाणू तपासणी ग्रामपंचायतीकडून करून घ्यावी. गावपातळीवरच्या तपासणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवल्यावर ते काळे पडले, तर त्यात हायड्रोजन सल्फाइड बनवणारे, बहुधा विष्ठेतून आलेले जिवाणू आहेत असे समजावे.

काय टाळावे

- पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्धोक मानू नये. लाखो जंतू असलेले पाणीही डोळ्यांना स्वच्छ दिसू शकते.
- गढूळ पाण्यात थेट टीसीएल टाकू नये. मातीतल्या आणि पाल्यातल्या सेंद्रिय पदार्थांवरच क्लोरीन खर्ची पडतो, जंतूंसाठी उरत नाही. आधी पाणी निवळू द्यावे.
- काविळीची साथ असताना कापडावर किंवा साध्या कँडल फिल्टरवर विसंबू नये. १८९२ साली रशियन शास्त्रज्ञ द्मित्री इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. गाळलेला रसही रोग पसरवतच राहिला. पुढे विषाणूंचा शोध याच वाटेने लागला. त्या गाळणीतून निसटणारा जंतू घरातल्या कँडलला दाद देईल अशी आशा धरू नये.
- गरोदर बाईला कावीळ झाली तर झाडपाल्यात किंवा कावीळ उतरवण्यात एक दिवसही घालवू नये. ई कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. थेट रुग्णालय गाठावे.

३. लावणीचा चिखल आणि पुराचा गाळ

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू आहे. उंदराच्या मूत्रपिंडात तो सुखाने राहतो, उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही. मूत्रावाटे तो खाचरात, गोठ्यात, पऱ्याच्या पाण्यात उतरतो आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतो. माणसाच्या अंगात शिरायला त्याला पायाची एखादी भेग पुरते. डोळ्यांच्या, नाकाच्या, तोंडाच्या ओल्या त्वचेतूनही तो आत जातो. कोरडेपणा आणि कडक ऊन त्याला सोसत नाही. पण जून ते सप्टेंबर हीच त्याची कोकणातली सुगी असते.

काय करावे

- तरवा काढायला किंवा लावणीला जाताना हातापायांच्या भेगा, काट्याच्या जखमा तपासाव्यात. पाणी न शिरणारी पट्टी लावावी. जमेल तिथे गमबूट वापरावेत.
- शेतातून आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. पाणवठ्यावरच धुऊन तसेच ओले राहू देऊ नयेत.
- आरोग्य सेविका किंवा आशाताई डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्या देतील तेव्हा त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्या घ्याव्यात. जास्त धोका असलेल्यांना मोसमात आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम अशी मात्रा देण्याची पद्धत आहे. आपण गरोदर असलो किंवा घरात लहान मूल असले तर ते आधीच सांगावे.
- पूर ओसरल्यावर गाळ उपसताना बूट आणि रबरी हातमोजे घालावेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. त्यानंतर गाळ उपसायला शेकडो हात धावले. अशा वेळी मदतीइतकीच मदतनीसांच्या पायांची काळजी महत्त्वाची असते, कारण आजार उमटायला बहुधा ५ ते १४ दिवस जातात.
- ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगावे: "चिखलात काम केले होते."

काय टाळावे

- भात, कणगी, पेंढा उंदरांना मोकळा ठेवू नये. उंदीर कमी झाले तर जिवाणूही कमी होतो.
- पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे ही लावणीच्या श्रमाची लक्षणे म्हणून अंगावर काढू नयेत. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांवर घाला येतो.

४. मासळी: होडीपासून चुलीपर्यंत

काय करावे

- मिरकरवाड्यावर किंवा हर्णैच्या लिलावात मासळी घेताना बर्फ पाहावा. आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो, असा साधारण हिशेब आहे.
- बांगडा, कुपा, सुरमई यांची विशेष काळजी घ्यावी. त्यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. मासा उबेत पडून राहिला की काही जिवाणू त्याचे हिस्टामीन बनवतात. ते खाल्ल्यावर तोंडाला मुंग्या येतात, चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठते, डोके ठणकते. पुष्कळदा याला माशाची ॲलर्जी समजले जाते. दोष माशाचा नसून उबेत गेलेल्या तासांचा असतो.
- कालवे, तिसऱ्या पूर्ण शिजवून खाव्यात. हे जीव खाडीचे पाणी गाळून जगतात. त्यामुळे पाण्यातला व्हिब्रिओ जिवाणू आणि काविळीचा ए विषाणू त्यांच्या अंगात साठतो.
- कच्ची मासळी कापलेली पाटी, विळी आणि हात धुतल्याशिवाय कोशिंबिरीला हात लावू नये.

काय टाळावे

- वास आलेला बांगडा जास्त तिखट घालून, जास्त वेळ शिजवून खपवू नये. शिजवल्याने जिवाणू मरतो, त्याने तयार केलेले हिस्टामीन मात्र तसेच राहते.
- फ्रीजरमध्ये ठेवले म्हणजे जंतू मेले असे समजू नये. थंडीत त्यांची वाढ थांबते, बर्फ वितळला की पुन्हा सुरू होते. वितळलेली मासळी परत गोठवू नये.
- शिंपले उघडले की शिजले असे मानू नये. त्यानंतरही काही मिनिटे उकळू द्यावेत. यकृताचा आजार असलेल्यांनी अर्धकच्चे कालव तोंडातही घालू नये.
- पायाला उघडी जखम असेल तर खाडीत कालवे काढायला उतरू नये. व्हिब्रिओला कोमट, मचूळ पाणी मानवते आणि त्याच्या काही जाती जखमेतूनही शिरतात.

५. शिळे, आंबवलेले आणि डबाबंद

काय करावे

- उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात.
- गणपतीत सकाळी केलेला नैवेद्य आणि नारळाचे सारण संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवायची वेळ येते. अशा वेळी ते थोडे-थोडे, दोनदा करावे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात.
- विरजण लावताना दूध कोमट असू द्यावे, साधारण ४० ते ४५ अंश. फार गरम दुधात दह्याचे जिवाणू मरतात, गार दुधात ते सुस्तावतात. त्यांनी तयार केलेले लॅक्टिक आम्ल इतर जंतूंना वाढू देत नाही. दही दुधापेक्षा जास्त टिकते ते त्यामुळेच.
- आमरस डब्यात भरताना स्वच्छता आणि उष्णता दोन्ही काटेकोर ठेवावी. आंब्याच्या रसाचा सामू ४.६ च्या खाली असतो. एवढ्या आम्लात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू रुजत नाहीत. म्हणून आपल्याकडचा कॅनिंगचा व्यवसाय उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर उभा राहू शकला.

काय टाळावे

- आमरसाची रीत मासळीला, मटणाला किंवा भाजीला लावू नये. त्यांत आम्ल कमी असते. हवाबंद बाटलीत बोटुलिनम वाढला तर त्याचे विष प्राणघातक असते. त्याचे बीजाणू मारायला सुमारे १२१ अंश तापमान लागते आणि ते दाबाखालीच मिळते. घरी असे पदार्थ बाटलीबंद करण्याऐवजी गोठवावेत किंवा खारवून सुकवावेत.
- फुगलेला डबा, फसफसणारी बाटली चाखून पाहू नये. आतला वायू हा जंतूंच्या वाढीचा पुरावा आहे.
- शिळा पदार्थ गरम केला की निर्धोक झाला, असे गृहीत धरू नये. बॅसिलस आणि स्टॅफिलोकॉकस यांची काही विषे उकळूनही टिकतात.

६. डास आणि गोचीड

काय करावे

- आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी, पिंपे रिकामी करून आतून घासावीत. डेंग्यूचा एडिस डास भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही काही महिने जगतात. अंड्यापासून डास व्हायला सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्याची पाळी चुकवू नये.
- आगरात फेरी मारून करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, जुने टायर पालथे करावेत किंवा उचलावेत.
- काजूच्या मोसमात दक्षिण कोकणात रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या अंगाला डीएमपी तेल लावावे आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहावे. माकडतापाचा विषाणू गोचिडीतून येतो. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधला. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसराला या आजाराची ओळख झाली आहे.

काय टाळावे

- दिवसा डास चावला तर काय होते, असे म्हणू नये. एडिस मुख्यतः दिवसाच चावतो.
- डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ द्यावेत.
- ताप उतरला म्हणजे डेंग्यू संपला असे समजू नये. पुढचे एक-दोन दिवसच नाजूक असतात.
- रानात मेलेले माकड दिसल्यास हात लावू नये. आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.

७. साबण, जखम आणि चावा

काय करावे

- हात साबणाने २० सेकंद चोळून धुवावेत. कोरोना, इन्फ्लुएन्झा, रेबीज या विषाणूंचे बाहेरचे आवरण मेदाचे असते. साबण ते फोडतो आणि विषाणू निकामी होतो.
- कुत्रा, मांजर किंवा माकड चावले तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. त्याच दिवशी लस सुरू करावी. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही विचारावे. रेबीजचा विषाणू रक्तातून न जाता मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे लागतात. लसीला मिळालेला वेळ तेवढाच.
- काटा, पत्रा, खिळा लागला तर धनुर्वाताच्या लसीची तारीख तपासावी. त्याचे बीजाणू मातीत, शेणात असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात.

काय टाळावे

- चाव्याच्या जखमेवर चुना, मिरची, हळद भरू नये. विषाणू मरत नाही, धुण्याचा वेळ मात्र जातो.
- लसीच्या उरलेल्या मात्रा चुकवू नयेत. रेबीजची लक्षणे दिसल्यावर वाचवणारा उपचार जवळपास नाहीच.
- जुलाबाच्या साथीत नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नये. नोरोव्हायरस, काविळीचा ए विषाणू यांना मेदाचे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलचा त्यांच्यावर जोर कमी चालतो. तिथे साबण-पाण्याने चोळून ते धुऊन काढावे लागतात.

८. प्रतिजैविके

काय करावे

- ही औषधे नेमके काय करतात ते समजून घ्यावे. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमचे काम थांबवते. विषाणूला भिंतही नाही आणि रायबोसोमही नाही. त्यामुळे सर्दी, फ्लू, डेंग्यू, गोवर यांत या औषधांना धरायला काहीच सापडत नाही.
- डॉक्टरांनी दिलेली मात्रा आणि दिवस पाळावेत. टीबीत तर सहा महिने म्हणजे सहा महिनेच. टीबीचा जिवाणू दुप्पट व्हायला साधारण १५ ते २० तास घेतो आणि कित्येक जिवाणू निद्रिस्त पडून असतात. वाढणाऱ्या जिवाणूवर औषध अधिक चालते. म्हणूनच इतका काळ लागतो.
- औषधाच्या पट्टीवरची उभी लाल रेघ पाहावी. ती असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

काय टाळावे

- मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या, शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नयेत.
- बरे वाटले म्हणून टीबीचे औषध मध्येच सोडू नये. तगून राहिलेले जिवाणू औषधाला न जुमानणारे निघू शकतात, आणि दुसऱ्या कित्येक जातींचे जिवाणू तर एकमेकांना असे जनुक देऊही शकतात.
- डॉक्टरांकडे "जोरदार इंजेक्शन द्या" असा आग्रह धरू नये.

९. लस

काय करावे

- मुलांच्या लसीकरण पत्रिकेतली प्रत्येक तारीख पाळावी. लस म्हणजे रोगप्रतिकार शक्तीला जंतूची आगाऊ ओळख. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगच्या जिवाणूंपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचेच नाव आहे. जिवाणूवर आणि विषाणूवर, दोघांवरही लस करता येते.
- वयस्कर आणि दम्याच्या माणसांनी फ्लूची लस दरवर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. आरएनए विषाणू आपली प्रत काढताना वारंवार चुका करतो, त्यातून रूपे बदलतात. कोरोनाचेही तसेच झाले: जून २०२१ मध्ये राज्याने जाहीर केलेल्या, त्याच्या डेल्टा प्लस या रूपाच्या पहिल्या २१ रुग्णांपैकी ९ रत्नागिरी जिल्ह्यातले होते.

काय टाळावे

- आजार गावात दिसत नाही म्हणून लस टाळू नये. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. लस दिली जात राहिली, म्हणूनच तो पुन्हा दिसला नाही.

१०. खाचर आणि कोळंबीचे तळे

काय करावे

- भाताच्या पानांच्या कडा वरून पिवळ्या पडून वाळत आल्या तर कडाकरप्याची शंका घ्यावी. झँथोमोनास हा जिवाणू वाऱ्या-पावसाने आणि बांधावरून वाहणाऱ्या पाण्याने पसरतो. पाण्याचा निचरा करावा, युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा आणि शिरगावच्या कृषी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.
- कडवे वाल, चवळी, कुळीथ पेरताना रायझोबियम संवर्धक चोळावे, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. हे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देतात. मुळावरची गाठ फोडल्यावर आतून गुलाबी दिसली तर जिवाणू कामाला लागले आहेत असे समजावे.
- कोळंबीचे बीज पीसीआर तपासणी केलेलेच सोडावे. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू काही दिवसांत तळे रिकामे करतो. माणसाला तो बाधत नाही.

काय टाळावे

- लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापू नयेत. ती जखम जिवाणूला वाट देते.
- संवर्धक लावलेले बी उन्हात वाळवू नये. सावलीतच सुकवावे, नाहीतर जिवाणू मरतात.
- कोळंबीच्या तळ्यात विषाणूसाठी प्रतिजैविक ओतू नये. विषाणूवर ते चालत नाही. उलट पाण्यातले जिवाणू औषधाला सरावतात आणि मालात अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो.

११. ताप आल्यावर

काय करावे

- ताप सुरू झाल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. तपासणी दिवसावर ठरते. डेंग्यूचा एनएस-१ घटक पहिल्या पाचेक दिवसांत चांगला सापडतो. लेप्टोची प्रतिपिंडे रक्तात दिसायला मात्र बहुधा ५ ते ७ दिवस जातात.
- धाप, लघवी कमी होणे, रक्तस्राव, सतत उलटी, भ्रम, न थांबणारी पोटदुखी यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला हलवावे.

काय टाळावे

- गोळी घेऊन ताप दाबत तीन-चार दिवस घरी काढू नयेत. लेप्टोवर स्वस्त आणि खात्रीची प्रतिजैविके आहेत, पण ती लवकर द्यावी लागतात.
- डॉक्टरांपुढे नुसते "ताप आहे" एवढे सांगून थांबू नये. कितवा दिवस, चिखलात किंवा रानात गेला होता का, पाणी कुठले प्यायला, घरात आणखी कोणी आजारी आहे का, हे चार तपशील सांगावेत. जिवाणू की विषाणू याचा निम्मा माग त्यांतूनच लागतो, उरलेला प्रयोगशाळेत. रुग्णाच्या घरच्यांनी ते न विचारता सांगितले तर पहिल्याच भेटीत योग्य तपासणी होते, आणि योग्य औषध त्याच दिवशी सुरू करता येते.